लॅटिनमधलं ‘-न्स्, -न्तिस्’: वर्तमान धातुसाधित कसं ओळखायचं, घडवायचं आणि चालवायचं

गावकावळ्याचं शास्त्रीय नाव कॉर्व्हस स्प्लेन्डेन्स, खाजकुइलीचं म्युक्युना प्रुरिएन्स, बांधावर पसरणाऱ्या एकदांडीचं ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. आपण स्वतः होमो सेपियन्स. जमिनीचा दावा कोर्टात चालू असेल तर वकील त्याला ‘लिस पेंडेन्स’ म्हणतात. या सगळ्या नावांतला दुसरा शब्द एकाच साच्यातून निघाला आहे. तो साचा म्हणजे लॅटिनचं कर्तरि वर्तमानकालवाचक धातुसाधित विशेषण. अर्थ अनुक्रमे असे: चमकणारा, खाजणारी, आडवी पडत जाणारी, समज असणारा, लोंबकळत असलेला. (व्याकरणाचा आग्रह धरला तर खाजकुइलीच्या नावात खाज माणसाला नव्हे, त्या वेलालाच सुटली आहे. धातूचा अर्थ ‘खाज सुटणं’ असा आहे, ‘खाज आणणं’ असा नाही.)

शाळेत संस्कृत घेतलेल्याला हा प्रकार नवा नाही. शतृ प्रत्यय लावून होणारं ‘गच्छन्, गच्छन्तम्, गच्छतः’ आणि लॅटिनचं ‘-न्स्, -न्तेम्, -न्तिस्’ एकाच मुळातून आले आहेत. तरीही शिकणारे अडखळतात, कारण ते प्रथमेचं रूप पाठ करतात. प्रथमेतच या शब्दाचं अंग (ज्याला विभक्तीचे प्रत्यय लागतात तो भाग) लपलेलं असतं. षष्ठी पाठ करा. अमान्स् नको, अमन्तिस् लक्षात ठेवा. पुढचं जवळजवळ सगळं त्यातून निघतं.

लिहिण्याची पद्धत

खाली लॅटिन रूपं प्राचीन रोमन उच्चारानं दिली आहेत. शास्त्रीय नावं आणि कोर्टातले शब्द मात्र मराठीत रूढ आहेत तसे ठेवले आहेत. अ हा ऱ्हस्व आणि आ हा दीर्घ समजावा, पण तोंडानं म्हणताना लॅटिनचा ऱ्हस्व अ मराठी अ-पेक्षा अधिक उघडा, आखूड आ-सारखा असतो. ए आणि ओ यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद देवनागरीत दिसत नाही. त्यासाठी एवढं ध्यानात ठेवा: ‘-न्स्’च्या आधीचा स्वर नेहमी दीर्घ, ‘-न्त्-’च्या आधीचा नेहमी ऱ्हस्व. अ-च्या रूपांत हे देवनागरीत आपोआप दिसतं: अमान्स्, पण अमन्तिस्. ए-च्या रूपांत ते मनातच धरावं लागतं.

गोव्यातल्या चर्चमध्ये ऐकू येणारं लॅटिन चर्चच्या उच्चारानं असतं. तिथे ए आणि इ यांच्या आधीचा क् मृदू होतो, म्हणून ‘वाढणारा’ या अर्थाचा क्रेस्केन्स् तिथे क्रेशेन्स् असा कानावर येईल. रूपं चालवण्याच्या दृष्टीनं यानं काही बदलत नाही.

मूळ

आदि-इंडोयुरोपीय, म्हणजे संस्कृत-ग्रीक-लॅटिनच्या समान पूर्वज भाषेत धातूला ‘-न्त्-’ हा प्रत्यय लावून ‘ती क्रिया करत असलेला’ असा शब्द करत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन तिन्ही भाषांनी तो जपला. ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या धातूची द्वितीया पाहा: संस्कृतात भरन्तम्, लॅटिनमध्ये फेरेन्तेम्, ग्रीकमध्ये फेरोन्ता. मराठीतही हा प्रत्यय अजून राबतो आहे. करतो, जाते, येतात यांतला त् प्राकृतातल्या ‘-अन्त-’वाटे त्याच शतृ-रूपातून आला. जिवंत, ज्वलंत, संत या शब्दांत तर न् सुद्धा शाबूत आहे.

मूळ प्रथमा प्रत्यय स्. म्हणजे अपेक्षित रूप ‘अमन्त् + स्’. तीन व्यंजनांच्या या गर्दीतून लॅटिननं त् काढून टाकला, न् आणि स् ठेवले, आणि न्स्-च्या आधीचा स्वर लांबवला. झालं अमान्स्. संस्कृतनं त् आणि स् दोन्ही टाकले: गच्छन्. पण तो स् पुरता गेला नाही. पुढे त् आला की संधीत तो पुन्हा डोकावतो, गच्छन् + तत्र = गच्छंस्तत्र. संधीचा हा नियम ज्यांनी नुसता घोकला असेल त्यांना त्याचं कारण इथे सापडेल.

रोमन लोकांच्या तोंडी न्स्-मधला न् ही फारसा ठसठशीत नव्हता. कोन्सुल या रोमन राज्यातल्या सर्वोच्च पदाचं शिलालेखांतलं संक्षिप्त रूप न् गाळून लिहितात, आणि क्रेस्केन्स् हे रोमन नाव ग्रीक नव्या करारात ‘क्रेस्केस्’ असं आलं आहे. शिलालेखात ‘-एस्’ नं संपणारं एखादं नाव दिसलं तर ते मुळात ‘-एन्स्’ असू शकतं, ही शक्यता आधी तपासा.

पुढचा फरक रूपं चालवताना थेट उपयोगी पडतो. संस्कृतात अंग दोन प्रकारचं असतं, सबल ‘-अन्त्-’ आणि दुर्बल ‘-अत्-’. म्हणून गच्छन्तम् पण गच्छता, गच्छतः. लॅटिननं हा भेद पुसून टाकला आणि न् सगळीकडे ठेवला. संस्कृतची सवय असलेल्यांची पहिली चूक इथेच होते. षष्ठीत न् गाळायचा मोह होतो. गाळू नका.

जुन्या स्वरभेदाचे दोन-तीन अवशेष मात्र राहिले आहेत. ‘जाणे’ या धातूची प्रथमा इएन्स्, पण षष्ठी एउन्तिस्. इथे ‘-एन्त्-’ ऐवजी जुना ‘-ओन्त्-’ टिकून पुढे ‘-उन्त्-’ झाला. वोलेन्स् (इच्छिणारा) याच्या शेजारी वोलुन्तास् (इच्छा) हे नाम उभं आहे, त्यातही तोच जुना स्वर आहे. तिसरा अवशेष कायद्याच्या अभ्यासकांना आवडेल. ‘असणे’ या धातूचं धातुसाधित, म्हणजे संस्कृतचं सन्, सन्तम्, लॅटिनमध्ये एकटं वापरात राहिलं नाही. पण सोन्स्, सोन्तिस् हा शब्द उरला आणि त्याचा अर्थ झाला ‘दोषी’: ज्यानं ते केलं, तोच हा असणारा. त्याच धातूपासून उपसर्ग लागून अब्सेन्स् (गैरहजर) आणि प्राइसेन्स् (हजर) हे जोडशब्द झाले आणि ते रोजच्या वापरातले आहेत.

संस्कृतात स्त्रीलिंगाला ‘-अन्ती’ लागतो, गच्छन्ती. लॅटिनमध्ये स्त्रीलिंगाचं वेगळं रूप नाही. पुल्लिंगाचा न्स् स्त्रीलिंगानं घेतला आणि नपुंसकानंही. पण अनेकवचनात षष्ठीला ‘-इउम्’ आणि नपुंसकाला ‘-इअ’ असा एक इ जास्तीचा दिसतो. तो त्या जुन्या ईकारान्त स्त्रीलिंगातून पाझरला असावा, असं स्पष्टीकरण मांडलं जातं.

आणखी एक गोष्ट लॅटिननं गमावली. संस्कृतात क्रियमाण, दृश्यमान अशी ‘-मान’ प्रत्ययाची रूपं होतात. लॅटिनमध्ये त्या प्रत्ययाचा जिवंत वापर संपला आणि अलुम्नुस् (ज्याचं पालनपोषण होतं तो) असे थोडे गोठलेले शब्द मागे राहिले. महाविद्यालयांचा ‘अॅलम्नाय मेळावा’ त्याच शब्दाचा. याचा व्यावहारिक परिणाम असा की ‘केला जात असलेला’ या अर्थाचं एकशब्दी धातुसाधित लॅटिनमध्ये शोधू नका. तिथे ‘जो केला जातो’ असं उपवाक्यच करावं लागतं.

घडवायचं कसं

शब्दकोशात लॅटिन धातूची चार रूपं एका ओळीत दिलेली असतात. आपल्याला पहिली दोनच लागतात: ‘मी करतो’ हे रूप आणि ‘करणे’ हे रूप.

‘करणे’चं रूप ‘-आरे’ नं संपत असेल तर धातुसाधित ‘-आन्स्, -अन्तिस्’. अमारे (प्रेम करणे): अमान्स्, अमन्तिस्.

बाकी सगळ्यांत ‘-एन्स्, -एन्तिस्’, पण त्याच्या आधी इ येतो की नाही हे ‘मी करतो’च्या रूपावरून ठरवायचं. ते रूप ‘-इओ’ नं संपलं तर ‘-इएन्स्’, नाहीतर नुसतं ‘-एन्स्’. म्हणून मोनेओ (बजावतो) वरून मोनेन्स्, रेगो (राज्य करतो) वरून रेगेन्स्, कपिओ (पकडतो) वरून कपिएन्स्, अउदिओ (ऐकतो) वरून अउदिएन्स्. सेपियन्समधला इ सपिओ-मधला, प्रुरिएन्समधला इ प्रूरिओ-मधला. प्रोकम्बेन्समध्ये इ नाही, कारण ‘मी आडवा पडतो’ हे रूप प्रोकुम्बो असं आहे.

चुकतं कुठे, तर कपिओसारख्या धातूंत. त्यांचं ‘करणे’चं रूप कपेरे असतं, रेगेरे-सारखंच दिसणारं. फक्त त्यावरून घडवायला गेलात तर ‘कपेन्स्’ असं अस्तित्वात नसलेलं रूप हाती येतं. दोन्ही रूपं पाहण्याचा आळस करू नका.

रूपानं कर्मणि पण अर्थानं कर्तरि असे काही धातू लॅटिनमध्ये आहेत. संस्कृतच्या आत्मनेपदाशी त्यांचं बरंचसं जुळतं. लोक्वोर् (बोलतो), सेक्वोर् (मागोमाग जातो), पतिओर् (सोसतो), मोरिओर् (मरतो). धातुसाधित करताना हे धातू निमूटपणे कर्तरि साच्यात शिरतात: लोक्वेन्स्, सेक्वेन्स्, पतिएन्स्, मोरिएन्स्. तेरड्याच्या वंशाचं नाव इम्पेशन्स यातूनच आलं. इन् + पतिएन्स्, म्हणजे न सोसणारा, उतावळा. पिकलेल्या बोंडाला हात लागताच ते फुटून बिया उडतात, त्यावरून हे नाव पडलं. ‘मी सोसतो’च्या रूपात इ आहे, म्हणून नावातही इ आहे.

अपवाद मोजके. ‘जाणे’चा इएन्स्, एउन्तिस् वर आलाच. त्याला उपसर्ग लागले तरी तो तसाच चालतो: रेदिएन्स्, रेदेउन्तिस् (परतणारा). फक्त अम्बिओ (भोवती फिरतो) हा अउदिओसारख्या साध्या धातूसारखा वागतो, अम्बिएन्स्, अम्बिएन्तिस्. पोतेन्स् (समर्थ) हे ‘शकणे’चं धातुसाधित केवळ विशेषण म्हणून उरलं आहे.

चालवायचं कसं

षष्ठीतला ‘-इस्’ काढला की अंग मिळतं: अमन्त्-. प्रथमा एकवचन आणि नपुंसकाची द्वितीया एकवचन सोडून बाकी प्रत्यय याच अंगाला लागतात.

| विभक्ती | ए.व. पुं./स्त्री. | ए.व. नपुं. | अ.व. पुं./स्त्री. | अ.व. नपुं. |
|---|---|---|---|---|
| प्रथमा | अमान्स् | अमान्स् | अमन्तेस् | अमन्तिअ |
| द्वितीया | अमन्तेम् | अमान्स् | अमन्तेस् | अमन्तिअ |
| षष्ठी | अमन्तिस् | अमन्तिस् | अमन्तिउम् | अमन्तिउम् |
| चतुर्थी | अमन्ती | अमन्ती | अमन्तिबुस् | अमन्तिबुस् |
| पंचमी | अमन्ते, अमन्ती | अमन्ते, अमन्ती | अमन्तिबुस् | अमन्तिबुस् |

संबोधन प्रथमेसारखंच. लॅटिनच्या पंचमीत आपल्या तृतीयेचं आणि सप्तमीचंही बरंच काम सामावलं आहे. पुल्लिंगी-स्त्रीलिंगी द्वितीया अनेकवचन जुन्या ग्रंथांत अमन्तीस् असंही भेटतं. कवितेत वृत्तासाठी षष्ठीतला इ गाळून अमन्तुम् केलेलं दिसतं.

कोष्टकातली नपुंसकाची द्वितीया सर्वाधिक फसवते. नपुंसकात प्रथमा आणि द्वितीया नेहमी सारखी, हा नियम संस्कृतातून ठाऊक असतोच. तरी हात आपोआप ‘-एन्तेम्’ लिहितो. नपुंसक नामाला ‘-न्तेम्’ कधीच लागत नाही.

प्रथमेला तिन्ही लिंगांत एकच रूप असल्यामुळे वनस्पती-प्राण्यांच्या नावांत हा शब्द बदलत नाही. रॅनन्क्युलस रेपेन्स पुल्लिंगी, मिचेला रेपेन्स स्त्रीलिंगी, ट्रायफोलियम रेपेन्स नपुंसक, तरी तिन्हींत ‘रेपेन्स’ म्हणजे सरपटणारा. कर्मणि भूतकालवाचक धातुसाधिताचं तसं नाही. पुनर्नवेचं बोअरहाविया डिफ्युजा, अमरवेलीचं कस्क्युटा रिफ्लेक्सा, यांतला शेवटचा आ स्त्रीलिंगाचा आहे आणि वंशाचं नाव नपुंसक असतं तर तिथे ‘-उम्’ आला असता. एखादी जात दुसऱ्या वंशात हलवली की दुसऱ्या प्रकारची नावं दुरुस्त करावी लागतात, ‘-न्स’वाली जशीच्या तशी राहतात.

आता पंचमी एकवचनाचा प्रश्न: ‘-ए’ कधी, ‘-ई’ कधी? शब्द निव्वळ विशेषण म्हणून नामाला चिकटला असेल तर ‘-ई’. क्रिया म्हणून किंवा नाम म्हणून वापरला असेल तर ‘-ए’. शहाण्या माणसाकडून, असं विशेषणानं म्हणायचं तर सपिएन्ती. नुसतं ‘एका शहाण्याकडून’ म्हणायचं तर सपिएन्ते. ‘पूर्वेकडून’ हे अब् ओरिएन्ते, कारण ओरिएन्स् (उगवणारा) तिथे दिशेचं नाम झाला आहे.

‘-ए’चा सर्वांत मोठा उपयोग संस्कृतच्या सति सप्तमीसारख्या रचनेत होतो. ‘रामे वनं गच्छति’ (राम वनात जात असताना) मध्ये गच्छति हे क्रियापद नसून गच्छत्-ची सप्तमी आहे, हे परीक्षेत हमखास विचारतात. लॅटिन हेच पंचमीनं करतं: तर्क्विनिओ रेग्नन्ते, म्हणजे रोमचा राजा तर्क्विनिउस राज्य करत असताना. देओ वोलेन्ते, देवाची इच्छा असेल तर. पोपचं किंवा बिशपचं पद रिकामं असतानाच्या काळाला म्हणतात सेदे वकन्ते, आसन रिकामं असताना. या रचनेत ‘-ई’ लिहिली तर ती चूकच.

आपल्या कोर्टांत ही जोडी रोज वापरली जाते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५२ ला वकील ‘लिस पेंडेन्स’चं कलम म्हणतात. तिथे दोन्ही शब्द प्रथमेत आहेत: लोंबकळत असलेला दावा. हिंदू विवाह अधिनियम १९५५ च्या कलम २४ खाली मिळणारी पोटगी मात्र ‘पेंडेन्टे लिटे’, म्हणजे दावा लोंबकळत असताना. तेच दोन शब्द, पण पंचमीत. अर्जात ‘लिस पेंडेन्स पोटगी’ किंवा ‘पेंडेन्टे लिसची नोटीस’ असं लिहिलेलं सापडलं तर विभक्ती चुकली आहे. पहिल्या प्रकारात दाव्याविषयी बोलतो आहोत, दुसऱ्यात दाव्याच्या काळाविषयी.

आघाताचंही इथेच सांगून टाकू. प्रथमेत प्राइसेन्स्-चा आघात पहिल्या अक्षरावर, सपिएन्स्-चा ‘स’वर. षष्ठीत उपान्त्य अक्षर जोडाक्षरामुळे गुरू होतं आणि आघात तिथे सरकतो: प्राइसेन्तिस्, सपिएन्तिस्, दोन्हींत ‘एन्’वर.

वाक्यात वापरताना

धातुसाधित विशेषण असलं तरी धातूचे गुण सोडत नाही. त्याला कर्म लागतं आणि ते द्वितीयेत राहतं. लोकुम् तेनेन्स् म्हणजे ‘जागा धरणारा’, बदली अधिकारी. लोकुम् हे कर्म आहे, म्हणून अनेकवचन करताना त्याला हात लावायचा नाही: लोकुम् तेनेन्तेस्. तोच शब्द जेव्हा स्वभाव दाखवतो तेव्हा कर्म षष्ठीत जातं. पतिएन्स् लबोरेम् म्हणजे आत्ता कष्ट सोसत असलेला, पतिएन्स् लबोरिस् म्हणजे कष्टाळू प्रकृतीचा. शिपायाविषयी यांतलं कोणतं लिहिलं आहे यावर अर्थ बराच बदलतो.

काळाचा हिशेब मुख्य क्रियापदाशी लावायचा. वर्तमान धातुसाधित म्हणजे ‘त्याच वेळी’. मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर तेही भूतकाळातलं, भविष्यकाळी असेल तर भविष्यातलं.

मराठी माणसाची नेमकी फसगत होते ती ‘-ऊन’ मुळे. ‘पत्र वाचून तो हसला’ याचं लॅटिन करताना ‘वाचून’साठी लेगेन्स् वापरलं तर अर्थ होतो ‘पत्र वाचत असताना तो हसला’. एपिस्तुलम् लेगेन्स् रीसित्. वाचन आधी संपलं असेल तर एपिस्तुला लेक्ता रीसित् हवं, म्हणजे ‘पत्र वाचलं गेल्यावर’, पुन्हा पंचमीत. लॅटिनला त्वान्त अव्यय नाही आणि कर्तरि भूतकालवाचक धातुसाधितही साधारणपणे नाही. लोक्वोर्-सारख्या धातूंचं मात्र आहे: लोकूतुस् म्हणजे सरळ ‘बोलून’. आणि केनातुस् हा शब्द रूपानं कर्मणि असून अर्थानं ‘जेवून झालेला’ असा आहे. जेवणाच्या बाबतीत लॅटिननं आपली सोय पाहिली, असं म्हणू या.

‘-णारा’ही जपून भाषांतरायचा. मराठीत ‘मरणारा’ म्हणजे मरायला टेकलेला किंवा पुढे मरणार असलेला. लॅटिनमध्ये पहिला मोरिएन्स्, दुसरा मोरितूरुस्. सम्राट क्लाउदिउसला सलाम करणाऱ्या लढवय्यांनी स्वतःला मोरितूरी म्हटलं, ते भविष्यवाचक रूप आहे. अजून कोणी मरायला लागलं नव्हतं.

‘-ताना’च्या बाबतीत मात्र लॅटिन आपल्यापेक्षा नेमकं बोलतं. ‘गाताना मी मुलीला पाहिलं’ यात गात कोण होतं? मराठीत संदर्भावर सोडावं लागतं. लॅटिनमध्ये कनेन्स् लिहिलं तर गाणारा मी, कनेन्तेम् लिहिलं तर गाणारी मुलगी. भाषांतर करताना ज्याची क्रिया त्याचीच विभक्ती, लिंग आणि वचन धातुसाधिताला द्या. वाक्यात शब्द कुठेही ठेवला तरी चालतो.

चकवे

‘-न्स’ दिसलं म्हणजे धातुसाधित असं नाही. तपासणी दोन टप्प्यांची. आधी षष्ठी काढा आणि त् येतो का पाहा. मग तो त् असलेला शब्द कोणत्या धातूचा, ते शब्दकोशात शोधा.

अक्रोडाचं जग्लान्स रेजिया पहिल्याच टप्प्यावर गळतं. त्याची षष्ठी युग्लन्दिस्, त्-ऐवजी द्, आणि म्हणूनच त्याच्या कुळाचं नाव जग्लँडेसी. मसुरीचं लेन्स क्युलिनारिस पहिला टप्पा ओलांडतं (लेन्तिस्), पण तो धातू नव्हे, मसुरीचंच नाव आहे. मोन्स् (डोंगर), पोन्स् (पूल), फोन्स् (झरा), मेन्स् (मन), गेन्स् (कूळ) हे सगळे त् दाखवतात आणि दुसऱ्या टप्प्यावर गळतात. वकिलांच्या ‘कॉम्पोस मेंटिस’ मधला मेंटिस असाच, मन या नामाची षष्ठी. देन्स् (दात) फार प्राचीन काळी ‘खाणारा’ या अर्थाचं धातुसाधित होतं असं मानतात, पण लॅटिनमध्ये ते नामच. बायडेन्स पिलोसा मधलं बायडेन्स म्हणजे ‘दोन दातांची’.

फायकस बेंगालेन्सिस मधलं ‘-एन्सिस’ पूर्णपणे वेगळं. तो स्थळवाचक प्रत्यय आहे, ‘बंगालचा’. प्रथमेतच इस् दिसतो आणि त् कुठेच येत नाही.

न्त् आणि न्द् यांची गल्लतही नेहमीची. ‘-न्त्-’ करणारा, ‘-न्द्-’ करण्याजोगा. आपल्या बोलण्यातल्या दोन शब्दांनी हे कायमचं लक्षात राहतं: एजंट हा करणारा, अजेंडा म्हणजे करायच्या गोष्टी. धातू एकच, अगो.

‘-एन्तिअ’ नं संपणारं रूप दोन प्रकारचं असू शकतं. सपिएन्तिअ म्हणजे ‘शहाणपण’ हे स्त्रीलिंगी एकवचनी नाम, किंवा नपुंसक अनेकवचन. क्रियापद एकवचनी आहे की अनेकवचनी, यावरून निवाडा करा. याच ‘-न्त्-’ अंगापासून पुढे व्यक्तिनामंही झाली. गोव्यात भेटणारी फ्लोरेंसिओ, कॉन्स्टान्सिओ, इनोसेंसिओ ही पोर्तुगीज वळणाची नावं अनुक्रमे फ्लोरेन्स् (फुलणारा), कोन्स्तान्स् (ठाम उभा असणारा), इन्नोकेन्स् (इजा न करणारा) यांच्या अंगावर बेतली आहेत. विसेंत हे विन्केन्स् (जिंकणारा) वरून. चारही नावांत त्-ची किंवा त्-पासून झालेल्या स्-ची खूण आहे, प्रथमेतला न्स् नाही. पोर्तुगीजसारख्या लॅटिनच्या लेकी प्रथमा सोडून अंग घेऊन पुढे गेल्या.

पेन्देन्स्-मध्ये आणखी एक खोच. पेन्देओ (लोंबकळतो) आणि पेन्दो (तोलतो, पैसे भरतो) या दोन वेगळ्या धातूंचं धातुसाधित तंतोतंत सारखं होतं. इथे व्याकरण मदत करत नाही. कर्म सोबत असेल तर बहुधा पेन्दो, नसेल तर पेन्देओ. दावा लोंबकळतो, म्हणून लिस पेंडेन्स पेन्देओ-चं.

एक रूप सोडवून पाहू

समजा मजकुरात रेदेउन्तिबुस् आलं. शेवट ‘-इबुस्’, म्हणजे अनेकवचन, चतुर्थी किंवा पंचमी. तो काढला की उरतं रेदेउन्त्-. न्त् आहे, म्हणजे वर्तमान धातुसाधिताची शक्यता. ‘-उन्त्-’ दिसताच ‘जाणे’चा धातू आठवायला हवा, कारण नेहमीच्या धातूंत इथे ‘-अन्त्-’ किंवा ‘-एन्त्-’ असतं. उपसर्ग रेद्-, म्हणजे परत. शब्दकोशात पाहायचं ते रेदेओ. ‘रेदेउन्स्’ शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही, प्रथमा रेदिएन्स् आहे. अर्थ: परतणाऱ्यांना, किंवा ते परतत असताना. शेजारी पंचमीतलं अनेकवचनी नाम असेल आणि वाक्यात दुसरा कर्ता असेल तर दुसरा अर्थ घ्या.

कायद्याच्या पुस्तकांत ‘एट सेक.’ असं संक्षिप्त रूप येतं, ते सेक्वेन्स्-चं. पुढचं एकच कलम म्हणायचं असेल तर एत् सेक्वेन्स्, पुढची अनेक असतील तर सेक्वेन्तेस् किंवा नपुंसकात सेक्वेन्तिअ. अनेकवचन दाखवायला शेवटचं अक्षर दोनदा लिहिण्याची जुनी रीत आहे. उतारा मराठीत आणताना ते दुहेरी अक्षर छपाईची चूक समजून खोडू नका.